सेडी म्हणजे कवडी

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस की, घानाच्या चलनाला 'सेडी' हे नाव अकान भाषेतल्या कवडी या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे, आणि लगेच अक्राच्या उकाड्याविषयी सांगू लागलीस. माझे मन मात्र त्या कवडीपाशीच अडकले. फोन ठेवल्यावर मी तुझ्या आजीच्या पटाचा डबा काढला. त्यातल्या कवड्या तुला आठवत असतील: फिकट पिवळसर, बोटाच्या पेराएवढ्या, पाठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली आणि पोटाला बारीक दातांसारख्या खाचांची फट. सहाच निघाल्या, सातवी तू लहानपणी हरवलीस, हे मी अजून विसरलेले नाही. या जातीची कवडी मालदीवच्या उथळ समुद्रात मुबलक सापडते, आणि तू आज राहतेस त्या किनाऱ्याच्या इतिहासात तिने जे काम केले आहे ते फोनवर सांगून भागण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

पण कवडीच्याही आधी तिथे मीठ आणि सोने होते. मूळचे घाना साम्राज्य आजच्या घाना देशात नव्हतेच. ते वायव्येला शेकडो किलोमीटर दूर, आजच्या मॉरितानिया आणि माली यांच्या सीमाभागात, सोनिंके लोकांचे होते. कॉर्दोबात बसून, व्यापाऱ्यांकडून माहिती गोळा करून अल्-बक्री या भूगोलकाराने १०६८ च्या सुमारास लिहिले आहे की, मिठाने लादलेले एक गाढव राज्यात आले की राजा सोन्याचा एक दिनार घेई आणि तेच मीठ राज्याबाहेर निघाले की दोन. खाणीत सापडलेले सोन्याचे गोळे राजाचे आणि भुकटी तेवढी प्रजेची, कारण सगळेच सोने बाजारात आले तर त्याला भाव राहणार नाही. जकातीचे आणि भावाचे गणित ज्यांना इतके पक्के ठाऊक होते, त्यांचा इतिहास गुलामांच्या जहाजापासून सुरू करणे हा मला सरळसरळ अन्याय वाटतो, आणि आमच्या वेळच्या शिक्षणाने तो बिनदिक्कत केला.

पुढे सुंदियाता केता याने १२३५ च्या सुमारास किरीनाची लढाई जिंकून मालीचे साम्राज्य उभे केले. त्याच घराण्यातला मानसा मुसा १३२४ मध्ये हजच्या वाटेवर कैरोत थांबला आणि त्याने इतके सोने वाटले, की तिथला सोन्याचा भाव कित्येक वर्षे सावरला नाही. ही गोष्ट हल्ली सर्वांना तोंडपाठ असते, तेव्हा ती लांबवत नाही. मला त्याहून इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाचे अप्रूप वाटते. हा गृहस्थ आपल्या दौलताबादेहून गेलेला आणि तिथल्या मराठ्यांविषयी लिहून ठेवणारा. पुढे मालदीवमध्ये तो काझी झाला. समुद्रातून काढलेल्या कवड्या किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत टाकतात, आतले मांस कुजून जाते आणि पांढरे कवच तेवढे उरते, हे त्याने तिथले लिहिले आहे. नंतर १३५२-५३ मध्ये तो सहारा ओलांडून मालीत गेला. वाटेत तगाझा या मिठाच्या खाणींच्या गावी त्याला मिठाच्या लाद्यांच्या भिंतींची आणि उंटाच्या कातड्यांच्या छपरांची घरे दिसली, आणि माली व गाओ येथे त्याच कवड्या एका दिनाराला ११५० या भावाने चालताना दिसल्या. युरोपचे जहाज त्या किनाऱ्याला लागण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी आपल्या बाजूच्या समुद्रातले हे कवच नायजर नदीच्या काठी नाणे झाले होते.

मालीनंतर सोंघाई साम्राज्य आले. १५९१ मध्ये तोंदिबी येथे मोरोक्कोच्या बंदुकांपुढे तेही कोसळले. पण तोवर व्यापाराचे तोंड वाळवंटाकडून समुद्राकडे वळू लागले होते. तू पाहून आलीस तो एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला तो सोन्यासाठी. माणसांची कोठारे म्हणून असे किल्ले नंतर ओळखले गेले. चार शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अटलांटिकच्या जहाजांवर चढविली गेली आणि त्यांतली सुमारे एक कोटी सात लाखच पलीकडे जिवंत उतरली. या व्यापारात कवडी शिरली ती जहाजाचा तोल राखायला तळाशी ठेवलेला भार म्हणून. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि सिलोनमार्गे ॲमस्टरडॅम व लंडनला जात, तिथे त्यांचा लिलाव होई आणि मग त्या आजच्या बेनिनमधल्या व्हिदासारख्या बंदरांत उतरत. चाळीस कवड्यांची एक माळ, पाच माळांचा एक जुडगा आणि असे वीस जुडगे मिळून चार हजारांची रास, अशी तिथली मोजणी होती. एका माणसासाठी अशा अनेक राशी द्याव्या लागत. आपण 'कवडीमोल' हा शब्द क्षुल्लक या अर्थाने वापरतो. व्हिदाच्या बाजारात तो शब्दशः खरा होता, आणि माणूस मोजण्याआधी कोणीतरी पोती उपसून कवड्या मोजत बसत असे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

या पोत्यांना गिऱ्हाईक होते, हेही तुला लपवून चालणार नाही. शेजारच्या दाहोमे राज्याच्या अगाजा राजाने १७२७ मध्ये व्हिदा जिंकून घेतले, आणि आजच्या घानातल्या असांते राज्याच्या लढायांतले युद्धकैदीही या किल्ल्यांपर्यंत पोहोचत. परंतु पकडणारा काळा होता म्हणून विकत घेणाऱ्याचा हिशेब मिटतो असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष गुलामांच्या तळघराच्या नेमके वर इंग्रजांनी प्रार्थनागृह बांधले होते, एवढेच त्यांना सांगते.

इंग्रजांनी १८०७ मध्ये हा व्यापार कायद्याने बंद केला, तरी कवड्या येतच राहिल्या, आता पामतेलासाठी. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडच्या थोड्या मोठ्या कवड्यांचे ढीग तिथे येऊन पडले, तेव्हा चलनाचा भाव घसरला आणि ज्यांची पुंजी कवड्यांत होती त्यांची पुंजी मातीमोल झाली. आफ्रिकेवरच्या युरोपीय दाव्यांचे नियम ठरविणाऱ्या बर्लिनच्या १८८४-८५ च्या परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. असांतेंच्या राजधानीत, कुमासीला, इंग्रज गव्हर्नराने त्यांचे पवित्र सुवर्णासन बसायला मागितले, तेव्हा १९०० मध्ये याआ असांतेवा ही राणीमाता युद्धाला उभी राहिली. ती हरली, पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही.

स्वातंत्र्याची ठिणगी मात्र एका साध्या अर्जातून पडली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून परतलेले माजी सैनिक २८ फेब्रुवारी १९४८ रोजी आपल्या मागण्यांचा अर्ज घेऊन गव्हर्नर राहत असे त्या अक्राच्या ख्रिश्चन्सबोर्ग किल्ल्याकडे निघाले असता पोलिसांनी गोळी झाडून तिघांना मारले, आणि शहर पेटले. स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा १९५१ ची निवडणूक तुरुंगातून जिंकले. ६ मार्च १९५७ रोजी 'गोल्ड कोस्ट' हे मालाच्या यादीसारखे नाव पुसून देशाला त्या दूरच्या, जुन्या साम्राज्याचे नाव दिले गेले. पुढे याच एन्क्रुमांनी विरोधकांना खटल्याविना तुरुंगात टाकले आणि १९६६ मध्ये लष्कराने त्यांना पदच्युत केले. तुझ्या सहकाऱ्यांमध्ये त्यांच्याविषयी दोन टोकांची मते असतील, ती तू शांतपणे ऐकून घे. पदच्युत होण्याच्या आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, पौंडाच्या जागी सेडी आली. नाणे निवडताना त्यांना कवडी आठवली, हे मला अजूनही नवल वाटते.

इथे पाऊस लांबला आहे. दिवाळीला येशील तेव्हा तिथल्या बाजारात मिळाली तर एक लहान, पिवळसर कवडी घेऊन ये. पट पुरा होईल. घासाघीस करू नकोस.

तुझी,
आई