कोचिंगमध्ये आश्वासनापेक्षा करार महत्त्वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत आणि ‘शहरात आज’ अशा स्वरूपाच्या सदरांत ‘लाइफ कोच’, ‘लीडरशिप कोच’, ‘एक्झिक्युटिव्ह कोच’ या उपाध्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काढल्यानंतर रीतसर प्रशिक्षण घेऊन मी आता हेच काम करते. सल्ला न देता प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचे उत्तर शोधायला मदत करणे, म्हणजे कोचिंग. या पद्धतीवर माझा मनापासून विश्वास आहे, आणि म्हणूनच तिच्या नावाखाली लोकांना जे काही विकले जात आहे त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

या पद्धतीचे एक महत्त्वाचे मूळ टेनिसच्या मैदानात आहे. अमेरिकेत टेनिस शिकवणाऱ्या टिमोथी गॅलवे यांच्या लक्षात आले की सूचनांचा भडिमार केला की खेळाडू अवघडतो, आणि त्याचे लक्ष फक्त चेंडूकडे वळवले की त्याचा फटका आपोआप सुधारू लागतो. चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा आणि रॅकेटला लागेल तेव्हा एकेक शब्द मोठ्याने उच्चारायचा, एवढाच सराव ते देत. याविषयीचे त्यांचे पुस्तक 1974 मध्ये आले. पुढे जॉन व्हिटमोर या ब्रिटिश माजी मोटार शर्यतपटूने हा विचार उद्योगजगतात रुजवला आणि 1992 च्या आपल्या पुस्तकातून ‘ग्रो’ नावाची चौकट सर्वदूर पोहोचवली. आधी ध्येय ठरवायचे, मग आजचे वास्तव तपासायचे, त्यानंतर पर्याय शोधायचे आणि शेवटी नेमके काय व कधी करणार याचा निर्धार करायचा, असे तिचे चार टप्पे आहेत.

कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे दुसरा टप्पा गाळून थेट उपायांकडे धावतात, आणि माझ्या मते कोचचे खरे कौशल्य त्यांना तिथे थोपवून धरण्यातच आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझरचे विभागप्रमुख झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येत असत (त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे). ‘माझी माणसे जबाबदारीच घेत नाहीत’ ही त्यांची तक्रार होती आणि कडक नियमावली कशी करावी हे त्यांना माझ्याकडून हवे होते. मी त्यांना विचारले, ‘कालच्या सकाळच्या मीटिंगमध्ये कोण कोण बोलले आणि साधारण किती वेळ?’ ते आठवू लागले, एकेक नाव घेऊ लागले आणि मधेच थांबले. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘मॅडम, काल फक्त मीच बोललो.’ पुढच्या आठवड्यापासून मीटिंगची पहिली दहा मिनिटे आपण एक शब्दही बोलायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले. हाच सल्ला मी पहिल्या भेटीत दिला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि कारखान्यात जाऊन तेच पुन्हा केले असते.

सल्ला द्यायचा नाही, हे बंधन पाळणे आपल्याकडे विशेष अवघड जाते, कारण वडीलधाऱ्याने सांगायचे आणि धाकट्याने ऐकायचे ही सवय घरापासून ऑफिसपर्यंत मुरलेली आहे. त्या क्षेत्रातला अनुभवी माणूस मार्ग दाखवतो तेव्हा तो मेंटॉर असतो, ठरलेले कौशल्य शिकवणारा प्रशिक्षक असतो, आणि मनाच्या दुखण्यावर काम करणारा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ असतो. ही सगळी कामे मोलाची आहेत, परंतु कोचिंग त्यांहून वेगळे आहे. हॉटेलच्या सभागृहात शेकडो लोकांसमोर मोठ्या आवाजात संगीत लावून दिलेले भाषण कितीही उमेद देणारे असले, तरी त्यात एका माणसाच्या एका प्रश्नाला वेळ मिळत नाही, म्हणून त्यालाही कोचिंग म्हणता येणार नाही.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती कराराची. कंपनी पैसे देते, कर्मचारी कोचसमोर बसतो आणि कोच दोघांनाही बांधील असतो. अशा वेळी तिघांनी एकत्र बसून कंपनीला काय कळेल आणि काय कळणार नाही हे पहिल्या सेशनआधीच लेखी ठरवायला हवे. सर्वसाधारणपणे भेटी झाल्या की नाहीत आणि कोणत्या उद्दिष्टावर काम चालू आहे एवढेच कंपनीला कळावे. बोलणे मात्र त्या खोलीतच राहावे. नोकरी सोडण्याचा विचार, साहेबांबद्दलचा राग, घरातली ओढाताण या गोष्टी माणूस विश्वासाने बोलतो. त्या एचआरच्या फाइलमध्ये किंवा वार्षिक मूल्यमापनात उतरणार असतील, तर तो दुसऱ्या भेटीपासून गुळगुळीत उत्तरे देऊ लागतो आणि सगळा खर्च वाया जातो. एखाद्याला काढून टाकायचे आधीच ठरलेले असताना कागदोपत्री ‘आम्ही संधी दिली’ असे दाखवण्यासाठी कोच नेमण्याचे प्रकारही मी पाहिले आहेत. अशी कामे कोचने स्वीकारू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मर्यादा मानसिक आरोग्याची आहे. आठवडे-आठवडे झोप न लागणे, जगण्यातला रस संपणे, आत्महत्येचे विचार येणे हे ऐकल्यावर ध्येय आणि पर्यायांची चर्चा तिथेच थांबवून त्या व्यक्तीला डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे कोचचे कर्तव्य आहे. शासनाची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा प्रत्येक कोचला ठाऊक असायला हवी. ‘नैराश्य कायमचे घालवतो’ अशी जाहिरात करणाऱ्या लाइफ कोचपासून वाचकांनी दूरच राहावे.

आपल्या देशात कोच म्हणून काम करण्यासाठी कोणताही सरकारी परवाना लागत नाही. स्पर्धा परीक्षा आणि शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण त्यांचा रोख अभ्यास शिकवणाऱ्या वर्गांवर आहे. त्यामुळे आमच्या क्षेत्रात जी शिस्त आहे ती स्वेच्छेने पाळलेली आहे. 1995 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था तीन पातळ्यांवर मानांकन देते. पहिल्या पातळीसाठी किमान 60 तासांचे प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, दुसऱ्या पातळीसाठी 125 आणि 500, तर तिसऱ्या पातळीसाठी 200 आणि 2500 तास. मानांकन असले म्हणजे माणूस उत्तम कोच असतोच असे नाही, आणि नसले म्हणजे तो भोंदू ठरत नाही. मात्र ज्याने एका शनिवार-रविवारात प्रमाणपत्र मिळवले आहे तो आणि ज्याने शेकडो तास इतरांचे ऐकण्यात घालवले आहेत तो, यांतला फरक फी भरण्याआधी ग्राहकाला कळलाच पाहिजे. तुमचे प्रशिक्षण कुठे व किती तासांचे झाले, माझे बोलणे कोणाला सांगाल, आणि मधेच थांबायचे ठरवले तर उरलेली फी परत मिळेल का, हे प्रश्न विचारायला कोणीही संकोचू नये. चांगल्या कोचला त्यांचा राग येत नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. पुरवणीत एखाद्या कोचचा लेख, मुलाखत किंवा कार्यशाळेची बातमी छापताना त्या व्यक्तीचे प्रशिक्षण व मानांकन नावाखाली एका ओळीत द्यावे, आणि मजकूर पैसे घेऊन छापलेला असल्यास तसा ठळक उल्लेख करावा.

आपली,
एक नियमित वाचक, चिंचवड