चिठ्ठी टाकून मोजलेली बाग

संपादक महोदय,

यंदा मृग बहार विकताना व्यापाऱ्याने धुऱ्यावरची, म्हणजे बांधाकडेची, चार झाडं पाहून माझी ६०० झाडांची संत्र्याची बाग मागितली. माझ्या धुऱ्यावरची झाडं नेहमीच कमी धरतात. मग चिठ्ठ्या टाकल्या, निघालेल्या ३० झाडांची संत्री मोजली आणि त्या अंदाजावर सौदा केला.

अमरावतीला शिकणारी लेक म्हणाली, बाबा, हे गणितातही आहे. मार्टिन डायर, अ‍ॅलन फ्रीझ आणि रवी कन्नन यांना यासाठीच गणितातला १९९१ चा फुल्करसन पुरस्कार मिळाला. अनेक मितींच्या (लांबी, रुंदी, उंचीहूनही जास्त दिशांच्या) बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेल्या, आकाराचं नेमकं घनफळ काढणं अतोनात अवघड. पण संगणकाने त्या आकाराच्या आत यदृच्छ, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, पावलं टाकली, तर हवं तितकं जवळचं उत्तर वाजवी वेळात मिळतं. असं संशोधन शेतीच्या पानावरही छापा.

– एक संत्रा बागायतदार, ता. वरुड