लॅपटॉप थेट बॅटरीवर चालवायचा तर

रत्नागिरी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

लाइट गेली की इन्व्हर्टर आहेच, मग लॅपटॉपसाठी वेगळी खटपट कशाला, असं तू विचारतोस. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करतो आणि तुझा अ‍ॅडॉप्टर लगेच त्याचे पुन्हा १९-२० करतो. दोन्हीकडे थोडी वीज उष्णतेत जाते, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहा-वीस वॅट खातो. म्हणजे २५ वॅटच्या कामाला बॅटरीतून ४५-५० निघतात. थेट डीसीवर, म्हणजे बॅटरीतून जशी वीज निघते तशीच वापरून, तेच काम २८ वॅटमध्ये होतं. तुझी १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी अर्धीच वापरायची म्हटली तरी ९०० वॅट-तास मिळतात. इन्व्हर्टरवरून अठरा-वीस तास, थेट जोडून बत्तीस. संध्याकाळी दोन तास लाइट जाते तेवढ्यापुरतं यातलं काहीच करू नकोस. पण जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. तशा वेळेसाठी ही जोडणी.

लॅपटॉप यूएसबी-सी पोर्टवर चार्ज होत असेल तर गाडीत लावतात तो पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे लॅपटॉप मागेल तो व्होल्टेज देणारा) चार्जर घे, इनपुट १२-२४ व्होल्ट लिहिलेला. खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. तो बहुतेक वेळा सगळ्या पोर्टची बेरीज असतो. एकट्या सी-पोर्टला २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट, लिहिलंय का ते बघ. आणि केबल ५ अँपिअरची, आत चिप असलेली हवी. साधी ३ अँपिअरची लावलीस तर चार्जर ६० वॅटच्या पुढे जात नाही.

जुना गोल पिनचा लॅपटॉप असेल तर बाजारातला उघडा बूस्ट मॉड्यूल, म्हणजे १२ व्होल्टचे वाढवून १९-२० करणारी छोटी पट्टी, स्वस्त पडतो, पण मी तो लावणार नाही. त्याचा व्होल्टेज एका छोट्या स्क्रूवर ठरतो. आपल्या खाऱ्या हवेत त्या स्क्रूखालचा संपर्क बिघडला की आउटपुट ३० व्होल्टच्या वर उडू शकतं, आणि त्यामागोमाग लॅपटॉपही जातो. शिवाय पुढच्या बाजूला शॉर्ट झालं तर साधा बूस्ट ते तोडू शकत नाही. आतल्या कॉइल आणि डायोडमधून बॅटरी सरळ पुढे जोडलेलीच असते. त्यापेक्षा तोच पीडी चार्जर आणि २० व्होल्ट मागून घेणारी, पुढे गोल पिन असलेली केबल. १९.५ व्होल्टच्या लॅपटॉपला २० चालतात. मात्र डेल आणि एचपीच्या पिनेत मध्ये एक बारीक काडी असते, तिच्यावरून लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर ओळखतो. ओळख पटली नाही तर तो सुरू होतो, पण आतली बॅटरी चार्ज होत नाही किंवा मशीन रखडत चालतं. म्हणून केबल त्या मॉडेलचीच माग.

आता तार. खरी मेख इथेच आहे, आणि लोक नेमके इथेच पैसे वाचवतात. लॅपटॉप ६५ वॅट मागतो, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ६ अँपिअर. बॅटरी जिन्याखाली आणि टेबल पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत एक व्होल्टहून जास्त जातो, २.५ मध्ये अर्ध्याहूनही कमी. व्होल्टेज पडला की चार्जर गप्प बसत नाही, तेवढेच वॅट भरून काढायला जास्त अँपिअर ओढतो, त्याने तो आणखी पडतो. शेवटी चार्जर बंद-चालू, बंद-चालू करत राहतो आणि दोष मात्र चार्जरला मिळतो. तेव्हा २.५ ची तांब्याची तार घे. मिरकरवाड्याला होड्यांची वायरिंग करणाऱ्यांकडे कथिल चढवलेली मिळाली तर उत्तमच, ती आतून हिरवी पडत नाही.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, म्हणजे गाडीतला लाल. टेबलाजवळ लावलास तर मधल्या सगळ्या तारेला फ्यूजचं संरक्षणच नाही. फ्यूज जोडणी पूर्ण झाल्यावर सगळ्यात शेवटी बसव, टर्मिनलजवळ ठिणगी नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. गाडीतल्यासारखं लायटर सॉकेट शक्यतो टाळ, त्याची स्प्रिंग गंजली की गरम होते. तारा थेट आवळता येतील असा चार्जर मिळाला तर तोच घे. तारांच्या टोकांचे लग बॅटरीला आवळून झाले की वरून व्हॅसलिन.

इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला स्वतः बंद होतो, थेट जोडलेल्या चार्जरला तेवढी लाज नसते. तो बॅटरी पार पिळून काढतो आणि ट्युब्युलर, म्हणजे जाड नळ्यांच्या प्लेटांची दणकट बॅटरी, असली तरी तिच्या प्लेटा खराब होतात. म्हणून मध्ये लो-व्होल्टेज कटऑफ टाक, ११.५ ला तोडणारा आणि १२.६ ला परत जोडणारा.

एक तुझ्यासाठी खास: दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ काढू नकोस. ती रोज जास्त रिकामी होते, चार्ज मात्र दोघींना सारखाच मिळतो. एक उपाशी राहते, दुसरी उकळते. चार्जर २४ व्होल्टचा घेऊन दोन्हींच्या टोकांना जोड आणि कटऑफ २३ ला लाव.

राउटर १२ व्होल्टचा आहे म्हणून तोही तसाच टोचू नकोस. चार्जिंगच्या वेळी बॅटरी १४.४ पर्यंत जाते. त्याला १२ वर स्थिर ठेवणारा छोटा बक-बूस्ट (व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) लागतो.

अ‍ॅडॉप्टरच्या लेबलचा आणि बॅटऱ्यांचा फोटो पाठव, तारेचं माप त्यावरून पक्कं सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय