एफडी मोडण्याआधी

औंध, पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, धाकट्याच्या नव्या कंपनीसाठी एफडी मोडण्याआधी ‘त्याच्या अंगात कंपनी चालवायची धमक आहे का?’ असं फोनवर विचारलंत. बोलण्यात तो पटाईत आहे, त्यात वाद नाही. पण धमक कागदावर तपासता येते.

तो धरून तिघे मित्र कंपनीचे सारखे शेअर्स घेणार आहेत. मग पहिल्याच दिवशी लेखी हवं, की शेअर्स चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होतील आणि वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काही मिळणार नाही. याला व्हेस्टिंग म्हणतात. हे नसेल आणि एकजण सहा महिन्यांत परत नोकरीला लागला, तर तेहतीस टक्के कंपनी त्याच्याकडेच राहते. पुढचा गुंतवणूकदार तिथेच हात आखडता घेतो. मित्राला हे तोंडावर सांगणं जड जातं; आपल्याला पाहायचंय ते हेच, की धाकटा सांगतो का.

आता पैसे. समजा बँकेत 18 लाख, महिन्याचा खर्च 3 लाख, जमा 1 लाख. म्हणजे पैसे नऊ महिने पुरतील. नवे पैसे उभे करायला सहा महिने सहज जातात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यातच धावपळ सुरू करायला हवी. शिवाय तो 1 लाख वेळेवर येईलच असं नाही, चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांची बिलं रेंगाळतात. टीडीएस, म्हणजे पगार-बिलांतून कापून घेतलेला आयकर, भरायची 7 तारीख, जीएसटीची 20, माणसं वीस झाली की पीएफची 15. हे पैसे आपले नसतात. पगार भागवायला वापरले, तर टीडीएसवर महिन्याला दीड टक्का व्याज चढतं. पगार लांबणार असेल तर 20 तारखेलाच सगळ्यांना समोर बसवून सांगावं. 1 तारखेला कळलं आणि घराचे हप्ते चुकले, की आधी चांगली माणसं जातात.

आठ माणसं झाल्यावर प्रत्येक कोटेशन स्वतः तपासायचा हट्ट धरला, की कामं तुंबतात. कोण काय बघणार, 10,000 पर्यंतचा खर्च न विचारता कोण करणार, हे लिहून द्यायचं. एका चुकीवरून काम परत ओढून घ्यायचं नाही. आई, यात तो तुझ्यावर गेलाय. पोळ्या लाटायला देतेस आणि दुसऱ्या पोळीला लाटणं काढून घेतेस!

बँकेने घर तारण मागितलं तर सरळ नाही म्हणा. एफडीतलं जे बुडालं तरी औषधपाण्याला धक्का लागणार नाही, तेवढंच द्या. रविवारी मी येते. त्याला मित्रांसोबतचा करार घेऊन बोलावून ठेवा.

तुमची लेक