आयएनआर हलला की दोष पेशंटचाच?

संपादक महोदय,

हृदयात धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्माची सोबतीण होते. माझे यजमान ती कित्येक वर्षं घेत आहेत. तपासणीत आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, आकडा वर-खाली झाला की ‘गोळ्या वेळेवर घेत नाहीत’, ‘पथ्य पाळत नाहीत’ हे ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं. आकडा का हलला, हे विचारायच्या आधीच ठपका ठेवणं अन्यायाचं आहे, आणि पेशंटच्या जिवाला धोक्याचंही.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी गोळी चालू असेल तर आयएनआर साधारण २ ते ३ ठेवतात, हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. ही अरुंद वाट सांभाळताना निव्वळ शिस्त पुरत नाही. वॉरफरिनचा एकाला पुरणारा डोस दुसऱ्याला कित्येक पट कमी पडतो, कारण औषध पचवण्याची शरीराची ताकद आनुवंशिक असते. वय, यकृत, थायरॉइड, हृदयाचा अशक्तपणा यांनीही गणित बदलतं.

मध्यंतरी ह्यांना ताप आला, जुलाब झाले, जेवण जवळजवळ बंद. दुसऱ्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं. वॉरफरिन मात्र ठरल्या वेळी, ठरल्या डोसात, एकदाही न चुकता चालू होतं. थोड्याच दिवसांत दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर काळेनिळे डाग उमटले. आयएनआर भलताच चढला होता. रक्त गोठायला लागणारं ‘के’ जीवनसत्त्व अन्नातून मिळेनासं झालं होतं आणि मेट्रोनिडाझोलमुळे वॉरफरिन शरीरात साठत होतं. ह्यांनी नियम तंतोतंत पाळला होता. तरीही कागदावर शेरा पडला तो पथ्याचाच.

क्षयावरचं रिफाम्पिसिन नेमकं उलटं करतं, आयएनआर खाली ओढतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या तर आयएनआर जागच्या जागी असतानाही जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व असतं म्हणून त्या बंद करा, हा सल्लाही सरसकट दिला जातो. बंद करायचं काहीच कारण नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं असलं की झालं.

आता हातात गोळी धरणाऱ्या माणसाचं बघा. ‘सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार दीड’ असा डोस लिहून दिलेला असतो. मोतीबिंदू झालेला, हात थरथरणारा म्हातारा माणूस एवढ्याशा गोळीचे दोन सारखे तुकडे कसे करणार? अर्धी चुरा होऊन सांडते. सकाळी गोळी घेतली की नाही, हे दुपारी आठवत नाही, म्हणून कुणी पुन्हा घेतो. घरात एकटं असलेलं, मनाने खचलेलं माणूस दिवस दिवस गोळीला हात लावत नाही. कुणी रक्तस्रावाच्या धास्तीने स्वतःच डोस कमी करतं आणि रागावतील म्हणून सांगत नाही. हे सगळं विचारलं तरच कळतं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावा लागत नाही, म्हणजे काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. पण अपिक्साबान किंवा डाबिगाट्रानचं रक्तातलं प्रमाण साधारण १२ तासांत निम्म्यावर येतं. एक-दोन डोस चुकले तर संरक्षण फारसं उरत नाही, आणि नेहमीची तपासणी नसल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यात मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं ते वेगळंच. धातूच्या झडपेला तर त्या चालतच नाहीत.

डॉक्टरांपुढची गर्दी मला दिसते. पण हे प्रश्न नर्स किंवा फार्मासिस्टही पाच मिनिटांत विचारू शकतात: गोळ्या कोण देतं, अक्षर दिसतं का, दुसरी कुठली औषधं, काढे, दारू चालू आहे का, तोल जातो का, भूक कशी आहे. गोळी सुरू करताना हे विचारावं आणि दर तपासणीला पुन्हा विचारावं. पेशंटच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर गोळी कशासाठी आहे, आयएनआर किती ते किती हवा, पुढची तपासणी कधी, हे मोठ्या अक्षरात असावं. आणि ताप आला, जेवण तुटलं किंवा नवं औषध सुरू झालं तर त्याच दिवशी ज्यावर विचारता येईल, असा फोन नंबरही.

आपली,
एक वाचक