तांडेल काका, तुमच्यामुळे शीड खाली आलं

काका नमस्कार, तुम्ही फोनवर वाचत नाही म्हणून नातीला सांगितलंय वाचून दाखवायला, पण बाकीच्यांनाही कळू दे म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

दाभोळच्या खाडीत चौकोनी शीड कोण लावतं? तुमचं अख्खं आयुष्य तिरक्या शिडावर गेलं आणि मी आलो ताडपत्रीचा ८ बाय ७ फुटांचा तुकडा घेऊन, का तर डेन्मार्कच्या रोस्किल्डेला बांधलेली वायकिंग जहाजाची प्रतिकृती २००७ साली असल्याच शिडावर डब्लिनला गेली हे वाचल्यापासून डोक्यात तेच. तुम्ही हसला नाहीत. कडा चाचपल्यात, कडेत दोरी घालून शिव नाहीतर फाटेल म्हणालात, आणि मग विचारलंत, "वर जाईल रे, पण खाली कसं येणार?"

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पहिल्याच चाचणीला दुपारचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वाढला आणि बांबूचं परबाण (शीड बांधलेली आडवी काठी) डोलकाठीला असं आवळलं गेलं की वरची दोरी सोडली तरी जागचं हलेना, होडी सरळ तिवरांच्या दिशेने, माझे हात गार, आणि मागून तुमचा आवाज, "दामण सोड, दोन्ही बाजूचं सोड!" दामण म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्यांच्या दोऱ्या, त्या सोडल्या तसं शीड पुढे फडफडायला लागलं आणि होडी मंदावली.

रागावाल असं वाटलेलं. तुम्ही घरून जाळं तरंगवणारे जुने गोल बोये आणलेत, दोरीत ओवून त्यांची माळ डोलकाठीभोवती परबाणाला बांधलीत, खाली ओढायला वेगळी दोरी दिलीत, आणि अंधार पडेपर्यंत धक्क्यावर माझ्याकडून वर-खाली करून घेतलंत. आता बोये डोलकाठीवरून घरंगळतात, परबाण भर वाऱ्यातही खाली येतं.

परवा भरती आणि खारा वारा दोन्ही पाठीशी होते, वाशिष्ठी नदीत आतपर्यंत एकदाही वल्हं न मारता गेलो, फोनवर साडेतीन नॉट, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर, दिसले! वारा आडवा झाला तेव्हा शिडाची वाऱ्याकडची कड तुम्ही सांगितल्यासारखी दोरीने पुढे ताणून धरली, तरी चाललं. वाऱ्याच्या तोंडावर मात्र नाही जात, येताना शीड उतरवून सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, वल्हवत आलो.

काका, मनापासून थँक्यू. माळेतला एक बोया चिरलाय, तेवढा बदलून घेऊ, आणि पुढच्या खेपेला सुकाणूवर तुम्ही बसायचंय, दोऱ्या मी बघतो.