‘पुन्हा म्हणा’च्या आधी कारण सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुमचे आभार प्रत्यक्ष भेटीत मानून झाले, तरी हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. कार्यक्रम लोकांना दिसतो, टाळ्याही त्यालाच मिळतात. त्यामागची तालीम कुणी पाहत नाही आणि तुम्ही आम्हाला जे दिलंत ते सगळं तालमीतलं आहे. शाळेत वृंदगान शिकवणाऱ्या इतर शिक्षकांपर्यंत ते पोचावं, अशी माझी फार इच्छा आहे.

माझं शिक्षण एकट्याने गाण्याचं. माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींना चार आवाजांत (मुलींचे वरचे सोप्रानो आणि खालचे आल्टो, मुलांचे वरचे टेनर आणि खालचे बास) एकत्र गायला शिकवणं ही वेगळीच विद्या आहे आणि ती तुम्ही मला हातचं न राखता दिलीत. तुमचा पहिलाच नियम होता की कारण सांगितल्याशिवाय ‘पुन्हा म्हणा’ म्हणायचं नाही. “दुसऱ्या ओळीत आल्टोंचा ‘आ’ पसरतोय. जबडा खाली सोडा, तोंड उभं उघडा. आता पुन्हा.” एवढंच. पण त्यामुळे पुढच्या वेळी कान कुठे ठेवायचा हे मुलांना नेमकं कळायला लागलं. मग तुम्ही एक पाऊल पुढे गेलात. ओळ संपली की स्वतः काहीच न बोलता मुलांना विचारायचात, “काय ऐकलंत?” सुरुवातीला उत्तर यायचं, “छान झालं.” काही आठवड्यांनी मुलं सांगू लागली, “टेनरचा शेवटचा ‘स’ बाकीच्यांच्या आधी येतोय.” शब्दातला स्वर ठोक्यावर पडायला हवा, त्याआधीचं व्यंजन किंचित अलीकडे उरकायला हवं आणि शेवटचं व्यंजन सगळ्यांचं एकाच क्षणी यायला हवं, हे त्यांना आता माझ्याआधी ऐकू येतं.

वाद्याशिवाय गाताना सूर हळूहळू उतरतो, हा तर सगळ्याच वृंदांचा जुना त्रास. तुम्ही त्याची कारणं मुलांसमोर उलगडून ठेवलीत. एकच स्वर सलग म्हणताना तो दरवेळी कणभर ढिला पडतो, उतरत्या ओळीत प्रत्येक पायरी गरजेपेक्षा मोठी पडते आणि दम संपत आला की सूर खाली बसतो. त्यावरचे उपायही साधे होते. तोच स्वर पुन्हा घेताना मनात तो जरा वर धरायचा, उतरताना पावलं लहान ठेवायची आणि शेवटी वाद्यावर मूळ स्वर वाजवून ताडून पाहायचं. त्या ताडून पाहण्याची मुलांना इतकी गोडी लागली, की आता मी विसरले तर तीच आठवण करून देतात.

लांब ओळीत दम पुरेना, तेव्हा तुम्ही आळीपाळीने श्वास घेण्याची युक्ती शिकवलीत. शेजारी श्वास घेतोय तिथे आपण घ्यायचा नाही, शब्दाच्या सांध्यावर तर मुळीच नाही आणि परत येताना आवाज हलकेच मिसळायचा. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

तालासाठी तुम्ही अमेरिकन वृंदगान संचालक रॉबर्ट शॉ (१९१६–१९९९) यांची पद्धत आणलीत. शब्द बाजूला ठेवून, हलक्या आवाजात नुसते आकडे सुरात म्हणायचे, वन-अँड-टू-अँड-टी-अँड-फोर-अँड. ‘थ्री’च्या जागी ‘टी’, कारण ‘थ्र’ म्हणताना जीभ रेंगाळते आणि ठोका बोथट होतो. मुलं आधी हसली. मग चारही आवाजांचे ठोके एकमेकांत चपखल बसले आणि कुणाचाही गळा न थकता अवघड पान बसलं.

सगळ्यात मोठं ऋण मात्र मागच्या रांगेतल्या एका मुलाबाबतचं आहे. नववीतला मुलगा, आवाज फुटत होता. रांगेत उभा राहून तो नुसते ओठ हलवायचा. तुम्ही ते कुणासमोर बोलला नाहीत. तालीम संपल्यावर त्याला पियानोजवळ बसवलंत आणि एकेक स्वर वाजवत त्याच्याकडून ‘ऊ’ म्हणवून घेतलात. वरचे स्वर चिरत होते, खालचे अजून उगवायचे होते, मधले सलग पाच तेवढे पक्के निघाले. तुम्ही वहीचं पान फाडलंत आणि त्या पाच स्वरांत बसेल अशी त्याची ओळ तिथेच लिहून दिलीत. मग त्याला समजावलंत, की या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो आणि तोवर काही स्वर येतात-जातात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, गाणं सोडायचंही कारण नाही. दर काही आठवड्यांनी ते पाच स्वर पुन्हा तपासायचे, एवढं करायचं. पुढच्या तालमीला तीच ओळ मागायला आणखी दोन मुलं आली. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, स्वरतंतू नीट मिटत नाहीत म्हणून काही काळ त्यात हवा मिसळते आणि अशा वेळी ‘मोठ्याने म्हण’ सांगणं हा इलाज नव्हे, हेही तुमच्याकडूनच कळलं. आवाज फुटतोय म्हणून मुलाला वृंदातून काढणं हा अन्याय आहे, असं आता मी ठामपणे म्हणते.

मलाही तुम्ही घडवलंत. “तुम्ही त्यांच्याबरोबर गात असाल तर ऐकणार कोण?” असं विचारून माझं गाणं बंद केलंत. पहिल्या ठोक्याआधीच्या हाताच्या उचलीत मुलांचा श्वास असतो, तो ज्या लयीत आणि जितका खोल, तितकीच पहिली ओळ भरीव, हे हातात बसेपर्यंत तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहिलात.

मंचावर येणं, उभं राहणं, नमस्कार करणं याचीही तुम्ही तालीम घेतलीत. गुडघे ताठ आवळून फार वेळ उभं राहिलं की पायांत रक्त साचून भोवळ येऊ शकते, म्हणून ते सैल ठेवायचे, हे तर प्रत्येक शाळेत सांगायला हवं. रंगीत तालमीत तुम्ही सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलात. आवाज तिथे घुमत होता. लय थोडी सावकाश करायला आणि व्यंजनं अधिक टोकदार म्हणायला सांगितलंत, शब्द तत्काळ मोकळे झाले.

आणि तो मुद्दाम गाडी रुळावरून उतरवण्याचा सराव! चालू गाण्यात तुम्ही हात दाखवून एखाद्या गटाला थांबवायचात, बाकीच्यांनी न अडखळता पुढे जायचं आणि थांबलेल्यांनी चेहरा न बदलता जागा शोधून परत शिरायचं. कार्यक्रमात आल्टोंचा प्रवेश खरोखरच चुकला. टेनर-बासनी ठोका घट्ट धरला, दोन मात्रागटांत मुली परतल्या. श्रोत्यांपैकी कुणीही नंतर त्याबद्दल बोललं नाही. मुलांनी मात्र मंचावरून उतरताच पहिली आठवण तुमची काढली.

या सगळ्याबद्दल, मुलांच्या आणि माझ्या वतीने, मनःपूर्वक आभार.

एक विनंती आहे. मुलांना आता वाद्याशिवायची, पूर्ण चार आवाजांची रचना हवी आहे. टेनरमध्ये तीन आवाज अजून बदलत आहेत, त्यांचे सध्याचे स्वर लिहून सोबत पाठवते आहे. ते पाहून रचना तुम्हीच सुचवावी आणि पहिल्या तालमीला यावं.

आपली,
एक संगीतशिक्षिका